आयलिफला कोण भरवतं

उत्तर नॉर्वेतल्या आमच्या किनाऱ्यावर मूल जन्माला आलं की पंधरवड्याच्या आत मी त्या घरी हजर व्हायची, आणि ते शाळेत जाईपर्यंत माझं असायचं. वजन माझं, लशी माझ्या, आणि त्याने काय खायचं तेही मीच ठरवायची. लोक तोंडावर मला सिस्टर म्हणत आणि पाठीमागे ब्रेडबाई. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. मूल रडतंय? भरड ब्रेड द्या. झोपत नाही? जवाची लापशी द्या. आणि वर चमचाभर कॉड लिव्हर ऑइल. या तीन गोष्टींवर मी चार गावांतली पोरं वाढवली, असं मी छातीठोकपणे सांगायची.

१९९६च्या जानेवारीत इंगविल्ड आपल्या मुलाला घेऊन माझ्या बालआरोग्य केंद्रात आली. नोव्हेंबरातच ती लोकं स्कार्व्हनेसच्या टोकावरच्या पिवळ्या घरात राहायला आली होती. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर, मार्चपर्यंत घरी यायचा नव्हता. मुलगा आयलिफ, पंधरा महिन्यांचा. जुन्या गावच्या सिस्टरने पाठवलेला तक्ता मी पाहिला. आठव्या महिन्यापर्यंत वजनाची रेघ छान चढलेली, मग घसरगुंडी. आणि इथे आल्यापासून ती पुन्हा वर. मी त्याला काट्यावर ठेवलं. दोन महिन्यांत पोराने दीड किलो कमावलं होतं.

"शाबास," मी म्हटलं. "आमच्या हवेचा गुण."

"सिस्टर, तो काहीच खात नाही," इंगविल्ड म्हणाली.

"हवा खाऊन दीड किलो?"

ती हसली नाही. पंचविशीची पोर, डोळ्यांखाली काळं. पिशवीतून तिने वही काढली. आमच्या केंद्राचं आहाराचं पत्रक पहिल्या पानावर चिकटवलेलं, आणि पुढे रोजचं सगळं: सकाळी लापशी, थुंकली. दुपारी लिव्हरची पेस्ट लावून ब्रेड, तोंड फिरवलं. संध्याकाळी पिठात घोळलेले माशाचे वडे, फेकले. नुसतं दूध तेवढं घोटभर. मीठ नाही, साखर नाही, सगळं पत्रकाबरहुकूम. इतकी आज्ञाधारक आई मला फार दिवसांनी भेटली होती.

"मग तो वाढतोय कसा?" मी विचारलं.

"तेच विचारायला आलेय." तिने आवाज उतरवला. "तो बाहेर झोपतो ना, तेव्हा खातो."

आमच्याकडे सगळीच पोरं दुपारी बाहेर झोपतात. लोकरीत गुंडाळायचं, बाबागाडीत घालायचं आणि वळचणीखाली ठेवून द्यायचं, मग बर्फ पडो की काही. दोन तास गाढ झोपतात. इंगविल्ड आयलिफला पुढच्या दारापाशी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवायची. आत आणायची तेव्हा त्याचं तोंड स्वच्छ पुसलेलं असायचं आणि त्याला उकडलेल्या कॉड माशाचा वास यायचा. दुलईत कधी माशाचा तुकडा सापडे, एकूण एक काटा काढलेला. कधी बटाटा, बोटांनी कुस्करलेला. एकदा त्याच्या मुठीत अर्धं उकडलेलं अंडं होतं, अजून कोमट.

"शेजारीण असेल एखादी," मी म्हटलं. "म्हाताऱ्या बायकांना दुसऱ्याच्या पोराला भरवायची भारी हौस."

"शेजारी म्हणजे दोन किलोमीटरवरचे हाल्वर आजोबा. ते कुबड्या घेऊन चालतात." वही मिटून ती म्हणाली, "आणि बर्फात पाऊल उमटलेलं नसतं, सिस्टर. मी रोज बघते."

ती एकटी राहते, दुपारी दोनलाच अंधारून येतं, नवरा समुद्रावर. अशा बायकांना काय काय दिसतं ते मी उभी हयात ऐकत आले होते. ते घर मात्र माझ्या ओळखीचं होतं. तिथे आधी कोण राहायचं हे मला चांगलं ठाऊक होतं आणि मी अवाक्षर बोलले नाही. का बोलले नाही? कारण ते बोलायचं तर माझ्याबद्दलही बोलावं लागलं असतं.

त्याऐवजी मी हुकूम सोडला. "गाडी घरात घे. आतच झोपव. आणि ब्रेड दे, दिवसातून चार वेळा. दुसरं काही समोर आणूच नकोस. भूक लागली की झक मारत खाईल."

"आणि रडला तर?"

"रडू दे. हट्टाला हट्ट."

तीन आठवड्यांनी मी वजनकाटा मोटारीत टाकून स्कार्व्हनेसला गेले. इंगविल्डने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. आयलिफ दाराकडे तोंड करून जमिनीवर बसला होता. रडत नव्हता. आ वासून बसला होता, पोरं पुढचा घास मागताना बसतात तसा. मी आत आले तरी माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. माझ्यामागे कोणी येतंय का ते तो पाहत होता.

"दिवसभर असाच बसतो," इंगविल्ड म्हणाली. "ब्रेड खातो आता. तुम्ही म्हणालात तसंच झालं. खातो आणि मग पोट धरून विव्हळतो."

मी त्याचे कपडे काढले. नऊशे ग्रॅम उतरला होता. पोट टम्म फुगलेलं, हातापायांच्या काड्या, मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. मी काट्याचा आकडा पुन्हा पाहिला आणि मग त्याचं पोट. हे पोट मी आधी पाहिलं होतं, याच स्वयंपाकघरात, याच टेबलावर.

१९६५ साल. माझं नोकरीतलं पहिलंच वर्ष. या घरात आसलॉग राहायची आणि तिचा पेडेर नावाचा मुलगा. तोही असाच सुकत चालला होता आणि मी तिला दर पंधरा दिवसांनी येऊन सांगत होते, ब्रेड वाढव, लापशी वाढव. "तुम्ही सांगता म्हणून देते हो सिस्टर," ती म्हणायची, पण तिचं तोंड उतरलेलं असायचं. मार्चमध्ये पेडेरला न्यूमोनिया झाला. अंगात काही उरलंच नव्हतं, दोन दिवसांत गेला. त्या शरदात आसलॉग एका सकाळी समुद्रात चालत गेली. माझ्या नोंदवहीत मी लिहिलं होतं, 'आईचं आहाराकडे दुर्लक्ष.' तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती.

हे सगळं आठवलं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. इतकी वर्षं एकच गोष्ट सांगत आलं की माणसाला दुसरं दिसेनासं होतं.

"आज त्याला बाहेर ठेव," मी इंगविल्डला म्हटलं. "मी खिडकीत बसते."

"तुमचा विश्वास नव्हता ना?"

"नाहीच आहे. म्हणून तर बसते."

अकरा वाजले असतील. वारा पडला होता, आकाश पांढरं, समुद्रही पांढरा. रात्री ताजं बर्फ पडून गेलं होतं आणि अंगणात फक्त इंगविल्डच्या बुटांचे ठसे होते, जाण्याचे आणि येण्याचे. बाबागाडीचं छत मागे दुमडलेलं, त्यामुळे आयलिफचा चेहरा मला खिडकीतून स्पष्ट दिसत होता. तो झोपला. मी कॉफी घेतली. इंगविल्ड माझ्यामागे भिंतीला टेकून उभी राहिली. खिडकीजवळ यायला ती तयार नव्हती.

वीसेक मिनिटांनी आयलिफने डोळे उघडले. कण्हला नाही, दचकला नाही. गाडीच्या उजव्या अंगाला, जरा वर पाहून हसला आणि त्याने तोंड उघडलं.

मग तोंड मिटलं आणि तो चावायला लागला.

मी कप खाली ठेवला. त्याने गिळलं, पुन्हा तोंड उघडलं. गालावर काहीतरी चकाकलं, लोण्यासारखं, आणि ते आपोआप पुसलं गेलं, हनुवटीकडून ओठाकडे, जसं आई बोटाने पुसते आणि उरलेलं तोंडात सारते. उजव्या बाजूला काहीही नव्हतं. पांढरं अंगण होतं आणि त्याच्यापलीकडे पाणी. खिडकीच्या फटीतून उकडलेल्या माशाचा वास आत आला.

"दिसतंय?" मागून इंगविल्डने विचारलं.

"दिसतंय," मी म्हटलं.

मी भ्याले होते, कबूल करते. पण मला राग जास्त आला होता. माझ्या पोराला माझ्या परवानगीशिवाय कोण भरवतंय, असला तो राग. टेबलावर ब्रेडचा तुकडा होता, लिव्हरची पेस्ट लावलेला. तो उचलला आणि कोटही न घालता मी बाहेर गेले.

"आयलिफ," मी गाडीवर वाकून म्हटलं, "हे घे, राजा. हे खायचं असतं."

त्याने तोंड घट्ट मिटलं आणि मान फिरवली. मी ब्रेड त्याच्या ओठांना लावला. जरा दाबलाही.

आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

जोरात नाही. चुलीकडे हात नेणाऱ्या लेकराला आपण अडवतो, तितकंच. पण तो हात ओला होता आणि इतका गार की हाडापर्यंत कळ गेली. तो हात मी ओळखला. एकतीस वर्षांपूर्वी आत, त्याच टेबलापाशी मी पेडेरच्या तोंडात लापशीचा चमचा कोंबत होते, तेव्हा आसलॉगने माझं मनगट अस्संच धरलं होतं. "त्याला ते सोसत नाही हो, सिस्टर," ती म्हणाली होती. मी तिचा हात झटकून टाकला होता.

या वेळी मला झटकता आला नाही. ब्रेड बर्फात पडला. मी त्या तुकड्याकडे पाहत राहिले आणि इंगविल्डची वही माझ्या डोळ्यांपुढे पानापानाने उलगडली. लापशी, ब्रेड, पिठातले वडे. पोराने जे जे थुंकलं त्यात गहू होता नाहीतर जव. आणि इथे, या दारात, त्याला मिळत होतं ते मासा, बटाटा, अंडं. दाणा नावाला नाही. मनगटावरची पकड सुटली.

आत जाऊन मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. इस्पितळात रक्त तपासलं, आतड्याचा तुकडा तपासला. गव्हातलं, जवातलं ग्लूटेन पोराला विषासारखं होतं. आठव्या महिन्यात आईने पहिली लापशी दिली आणि तिथूनच रेघ घसरली होती. हे निदान पासष्ट सालीही होत असे, शहरातल्या डॉक्टरांना ते माहीत होतं. मी पेडेरला शहरात पाठवलं असतं तर झालं असतं. मी त्याला ब्रेड दिला.

इस्पितळातून ते घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्कार्व्हनेसला गेले आणि इंगविल्डला सगळं सांगितलं. आसलॉग, पेडेर, चमचा, नोंदवहीतलं ते वाक्य. आयलिफ तिच्या मांडीवर बसून बटाटा खात होता, दोन्ही हातांनी.

"तिला तुम्ही काय सांगितलं होतंत?" तिने शेवटी विचारलं.

"ब्रेड वाढव."

"आणि मला?"

"तेच."

"ती बाई या घरात राहायची, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

ती उठली. आयलिफला तिने लोकरीचे कपडे चढवले, मोजे, टोपी, हातमोजे, एकेक करून, सावकाश. मग त्याला बाबागाडीत घालून ती दाराकडे ढकलायला लागली.

"इंगविल्ड, आज आतच असू दे गं," मी म्हटलं. "तू दमलीस. तू झोप हवं तर, मी बसते त्याच्यापाशी."

तिने दार उघडलं. गाडी उंबऱ्याबाहेर नेली, खिडकीखाली उभी केली, दुलई सारखी केली. गाडीच्या उजव्या बाजूला जागा राहील अशी ती जरा डावीकडे सरकवली. मग आत येऊन तिने दार लावून घेतलं.

"दहा रात्री मी इस्पितळात जागी होते, सिस्टर," ती म्हणाली. रागाचा मागमूस नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "आता दोन तास झोपणार आहे. तिच्याजवळ ठेवलं की मला झोप लागते. तुमच्याजवळ ठेवून लागली नसती."

ती आतल्या खोलीत गेली. मी एकटीच टेबलापाशी उभी होते. खिडकीतून आयलिफ दिसत होता. तो उजवीकडे वर पाहून हसत होता. मी वजनकाटा उचलला आणि मागच्या दाराने निघाले. पुढच्या दाराने जायची माझी हिंमत झाली नाही.