माझ्या पोटातला हायड्रोजन

मी एक बोल्ट आहे. अंगठ्याएवढा जाड, टणक पोलादाचा, वरून सोनेरी. गच्चीवरच्या खोलीत लिफ्टची मोटार ज्या लोखंडी तुळईवर बसवली आहे, तिथे आम्ही चौघे तिला धरून होतो. आता तिघेच उरलो आहोत. चौथ्याचं डोकं काल सकाळी जमिनीवर पडलेलं सापडलं.

लोकांना वाटतं, पोलाद म्हणजे आतून ठासून भरलेलं. तसं नसतं. आत आमचे अणू रांगा धरून उभे असतात आणि मध्येच एखादी जागा रिकामी असते. पण अशी नवी जागा होणं अवघड. रांगेतल्या अणूला शेजारी सहजासहजी सोडत नाहीत. म्हणून अशा जागा मोजक्याच राहतात आणि निभावून जातं.

माझं बिघडलं ते अंगावर जस्त चढवताना. कारखाना दोघा भावांतल्या थोरल्याचा. गंज काढायला त्यानं मला आम्लात बुडवलं, मग वीज सोडलेल्या टाकीत टांगलं. त्या अंघोळींत हायड्रोजन माझ्यात शिरला. एवढासा जीव, कधी आला ते कळलंही नाही. रिकामी जागा दिसली की तिथे ठाण मांडून बसू लागला.

यावर उपाय आहे. टाकीतून काढल्या काढल्या भट्टीत ठेवायचं, म्हणजे तो उबेनं बाहेर पडतो. पण थोरल्याचा नियम असा, की भट्टी भरल्याशिवाय पेटवायची नाही. अर्ध्या भट्टीला जाळ म्हणजे घराचं वाटोळं, असं तो वडिलांच्या वेळेपासून ऐकत आला होता. आम्ही पडलो चार. दुसऱ्या दिवशीचा माल येईपर्यंत ट्रेमध्ये पडून राहिलो. मग भट्टीत गेलो तेव्हा वरवरचा हायड्रोजन निघून गेला. खोल बसलेला हलला नाही. वर सोनेरी रंग चढला आणि आम्ही नवरदेवासारखे चमकू लागलो.

थोरल्याच्या भावानं, धाकट्यानं, मला इथे आवळलं. तो लिफ्टचा फिटर, खाली पाचव्या मजल्यावर आईबरोबर राहतो. पाना फिरला, अंगावर ताण आला आणि आतल्या पाहुण्यानं खरे रंग दाखवले. तो शेजारी असला की अणूला जागा सोडणं सोपं होतं. रिकाम्या जागा वाढू लागल्या. त्यात तोच जाऊन बसल्यामुळे त्या पुन्हा भरेनात. जागा जागेला मिळाली, पोकळी झाली. त्याला माझ्यातून निघता येईना, मला तुळईतून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चौथ्याचंही हेच झालं असणार. तो आधी सुटला, एवढंच.

धाकट्यानं डोकं उचललं आणि तिथल्या तिथे लिफ्ट बंद केली. संध्याकाळी थोरला आणि त्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, वर आले. थोरल्यानं डोकं हातात फिरवून पाहिलं. म्हणाला, तूच जास्त आवळला असशील, एक बदल आणि चालू कर. उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, गुडघे असे, ती पाच मजले उतरणार कशी? धाकट्यानं आम्हा तिघांवर बॅटरी मारून पाहिली. एक चीरसुद्धा दिसेना.

"दादा, दिसत नाही तेच वाईट," तो म्हणाला.

मग वहिनी बोलली. भट्टीवर तीच असते.

"अहो, हे चार आपण दुसऱ्या दिवशी भाजले. भट्टी भरायची वाट बघत बसलो. आता बसवता आईंना त्या लिफ्टमध्ये?"

थोरल्यानं ते तुटकं डोकं खिशात टाकलं. मग तो जिना उतरला.

रात्री त्यानं चार नव्या बोल्टांसाठी अख्खी भट्टी पेटवली, हे मला आज सकाळी वहिनीच्या बोलण्यावरून कळलं. त्याच वेळी, उघड्या दारातून दिसणाऱ्या खालच्या जिन्यावर, दोघे भाऊ आईला खुर्चीत बसवून नेत होते. थोरल्यानं खुर्ची घट्ट कवटाळली होती. आई म्हणाली, "अरे, एवढं आवळू नकोस. मी बोल्ट नाही." धाकटा इतका हसला की खुर्ची टेकवावी लागली.

त्यांची पावलं खाली विरली. आता इथे मी, माझे दोन भाऊ आणि मानेवर मोटार. आतल्या जागा अजून एकमेकींना शोधताहेत. धाकटा दुपारी पाना घेऊन येईल आणि मोटारीला टेकू लावून आम्हाला काढेल. तोवर धरून ठेवतो.

पण एक विनंती आहे. मी निघालो की नव्यासारखाच दिसेन. भंगाराच्या डब्यात कुणी हात घालेल आणि म्हणेल, चांगला आहे की, कामाला येईल. त्याच्या माथी मला मारू नका. आधी करवतीनं माझे दोन तुकडे करा, मग फेका.