तिसरा नकार

"आजपासून या देशातलं आठ वर्षांखालचं एकही मूल डॉक्टरवाचून राहणार नाही," असं मंत्रिमहोदयांनी आमच्या गावच्या सभागृहात जाहीर केलं, तेव्हा आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या. सभागृह खरं तर डॉक्टर टिअर्नींच्या निरोपासाठी घेतलेलं होतं. खुर्च्या मांडलेल्याच आहेत म्हणून मंत्र्यांनी अर्धा तास मागून घेतला होता. गावातले एकमेव डॉक्टर मागे उभं राहून सँडविच खात होते. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं.

माझी नात ग्रानिया तेव्हा सात वर्षांची. तिचा डावा कान वाहायला लागला होता. बाई म्हणायच्या, पोरीचं वर्गात लक्ष नसतं. मोफत तपासणीचं कार्ड आठवड्याच्या आत घरी आलं. आयर्लंडचं सरकार झपाट्यानं काम करतं असं मी पहिल्यापासून म्हणत आलोय, निदान छपाईचं.

कार्ड घेऊन आम्ही शेजारच्या गावच्या दवाखान्यात गेलो. खिडकीत ब्रिजी मॅकगोवन बसलेली. तिला मी ती शाळेत असल्यापासून ओळखतो.

"यादी भरलीय, काका."

"अगं, पण फुकट आहे ना?"

"फुकट आहे म्हणून तर भरलीय."

"मग पैसे देतो."

"पैसेवाल्यांची यादीही तीच. तुम्ही असं करा, तीन डॉक्टरांचे लेखी नकार आणा. मग आरोग्य कार्यालय एकाला तुमची पोर घ्यायलाच लावतं."

"बरं, मग पहिला तूच दे."

तिनं दिला, चांगली मुलगी आहे. दुसरा पुढच्या गावात मिळाला. तिसऱ्या ठिकाणची बाई मात्र नियमाला पक्की.

"नकारावर डॉक्टरांची सही लागते," ती म्हणाली. "त्यांना भेटायला वेळ घ्यावी लागते. आणि वेळ यादीतल्यांनाच मिळते."

इस्पितळात कानाचा विभाग होता, पण तिथं घरच्या डॉक्टरची चिठ्ठी लागत होती.

मी जन्मभर वर्तमानपत्रात मंत्र्यांची टर उडवून पोट भरलं. पण त्या एका नकारासाठी अकरा पत्रं लिहिली, तीही इतकी गोड की माझी मलाच लाज वाटली. फेब्रुवारीत तिसरा नकार आला. ग्रानियाला आठ पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. कार्यालयानं तत्परतेनं कळवलं की अर्ज आता परिपूर्ण आहे, मात्र कार्डाची मुदत संपली आहे.

वसंतात मंत्री पुन्हा आले. आता बारा वर्षांपर्यंत सगळं मोफत. या वेळी अर्धा तास कुणाकडे मागावा लागला नाही. निरोप द्यायला डॉक्टरच उरला नव्हता. फोटोसाठी ग्रानियाला पुढं उभं केलं. मंत्री वाकले आणि तिच्या डाव्या कानाशी मायेनं म्हणाले, "बाळा, आता तुला कसलीच काळजी नाही."

ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. त्यांनी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. तेव्हा तिनं मान वळवली.

"जरा या बाजूला येऊन सांगता का?"