जळवंती कशी दिसते

तुलाराम धानाच्या शेताच्या बांध्या चिखलायचा, धान लावायचा, बैलांना शिव्या द्यायचा आणि बायकोचं ऐकायचा. म्हणजे लाखांदूरकडच्या कुठल्याही चारचौघांसारखाच होता, वर्षातली एक रात्र सोडली तर. दिवाळी झाली की गावात मंडईची जत्रा भरायची, मंडईच्या रात्री गावची दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाटक, उभी राहायची, आणि त्या रात्री तुलाराम लुगडं नेसून जळवंती व्हायचा.

ही जळवंती राणी कुठल्या पोथीतली नाही. तरुणपणी तलावाच्या काठाला पाणी राखत बसलेल्या तुलारामानंच ती मनातल्या मनात घडवली होती. ती तलावाच्या तळाशी राहते. कोणी दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी चोरून आपल्या बांधीत घेतलं की ती वर येते आणि एकच विचारते, "माह्या पान्याले कोनं हात लावला?" बाकी नाच नाही की गाणं नाही. पण हे एवढं ऐकून पाणी चोरणारा माणूस मंडपातून उठून जायचा, असं गावात सांगतात. सांगणाऱ्यांपैकी दोघं-तिघं स्वतःच उठून गेलेले होते, तेव्हा खोटं म्हणायला जागा नाही.

एकोणऐंशी सालच्या दसऱ्याला दंडारीचा कारभारी आनंदराव तुलारामाच्या ओट्यावर येऊन बसला. पाणी प्याला, सुपारी चघळली, आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुलाराम, तुह्ये समोरचे दोन दात गेले गा."

"गेले ना."

"आजकाल गावोगावी नाटकात बायाच येऊन राहिल्या. यंदा नागपूरची बाई आनाव म्हनतो मी."

तुलारामानं दातांच्या फटीतून जीभ फिरवली. दातांचं खरंच होतं. पण त्याला पुढचं दिसायला लागलं. नागपूरची कोणी परकी बाई येईल, डोळे मोडेल, कंबर हलवेल, आणि लोक तिलाच जळवंती म्हणतील. मग खरी कोणाच्या लक्षात राहणार? तिला काय पोथी आहे, की मूर्ती आहे? तुलाराम थांबला की ती संपलीच.

आनंदरावही तसा मनाचा वाईट नव्हता. तो म्हणाला, "भंडाऱ्याच्या पेंटरकडून मोठं चित्र काढून घेऊ. मंडपाच्या दारात लागन, अन् ते पाहून बाई तशीच नटन. तू जाऊन त्याले सांग कशी दिसते ते. तुह्यापेक्षा जास्त कोनाले माहीत?"

खरी गोम इथंच होती. जळवंतीचा चेहरा रंगवायचा तो मारोतराव, आणि त्याचा एक कडक नियम होता. तोंडाला सफेद्याचा पांढरा रंग लागला की तुलारामानं आरसा पाहायचा नाही. आरशात पाहिलं की राणी पळते आणि तुलाराम उरतो, असं त्याचं म्हणणं. तुलारामानं तो नियम देवाच्या आणभाकेसारखा पाळला. चेहरा धुवायचा तोही डोळे मिटून. मारोतराव मागच्या उन्हाळ्यात वारला. म्हणजे गावातल्या लहानथोरांनी जळवंती पाहिली होती, पाहिली नव्हती ती एकट्या तुलारामानं, आणि ती कशी दिसते हे सांगायला निघाला होता तोच.

हे त्याच्या लक्षात आलं तेही थेट पेंटरपुढे बसल्यावर.

तेजराम पेंटरचं दुकान भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानांपलीकडे, एका बोळात होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, विहारांसाठी बुद्धाची चित्रं, सगळं तो काढायचा. तिरसट होता, पण हात सोन्याचा. कोळशाची कांडी घेऊन तो बसला आणि म्हणाला, "हां, सांगा. चेहरा कसा?"

तुलारामानं डोळे मिटले. आतून त्याला ती लख्ख माहीत होती. "तिचे तळपाय थंड असतात," तो म्हणाला. "उभी राह्यली का समोरचे लोक दूर दूर वाटतात, पान्याखालून पाह्यल्यासारखे. आवाज बी दुरून येते. अन् कानात पोकळ होते, शंखासारखं."

तेजराम कांडी धरून थांबला होता. "भाऊ, थंड पाय कसे काढू मी? नाक सांगा, डोये सांगा."

"ते मले नाई दिसत."

"मंग कोनाले दिसते? न पाह्यलेलं मी काढत नाई."

तुलारामानं भिंतीकडे बोट केलं. तिथं एक बुद्ध अर्धा रंगून झाला होता. "त्यायले कुठं पाह्यलं तुमी?"

तेजराम हसला. पहिल्यांदाच हसला. "त्यायचं सांगनारे लय झाले भाऊ. पिढ्यान् पिढ्या सांगून ठेवलं लोकायनं. तुमच्या राणीचं सांगनारे तुमी एकटेच. म्हनून नीट सांगा."

नीट सांगायचं म्हणून तुलारामानं मग जे हाताला लागत होतं ते सांगितलं. हिरवं लुगडं, नाकात नथ, गळ्यात माळ, हातभर बांगड्या. आठवड्याभरानं मांजरपाटावरचं चित्र तयार झालं. त्यात कमळाच्या पाकळीसारखे डोळे होते, गोरे गाल होते, आणि डोक्यामागे तेजरामानं आपल्या पदरचं एक तेजोवलयही घालून दिलं होतं.  इतकं सुंदर चित्र नको कसं म्हणणार? तुलाराम ते गुंडाळून गावी घेऊन आला.

आणि गावात व्हायचं ते झालं. चित्र आनंदरावाच्या ओसरीत टांगलं, तर घटकाभरात त्याच्या बायकोनं हळदकुंकू वाहिलं. शेजारणीनं उदबत्ती लावली. संध्याकाळपर्यंत चित्रापुढे नारळ फुटला, आणि कोणाचीशी सून पोर होऊ दे म्हणून ओटी घेऊन आली. आनंदराव खूश होता. तुलाराम मात्र दाराशी मटकन बसला. देवीपुढे माणूस हात पसरतो. जळवंतीपुढे माणसं हात लपवत होती. ही कोण बाई आणली आपण गावात?

घरी तो जेवला नाही. त्याची बायको धुरपता चुलीपुढे भाकरी थापत होती. ही धुरपता जळवंतीला "माही सवत" म्हणायची. दरवर्षी स्वतःचं ठेवणीतलं लुगडं काढून देताना म्हणायची, "न्या, तुमच्या राणीसाठी न्या. आमी हावोतच फाटक्यात." तुलाराम हसून सोडून द्यायचा. आज ती मान वर न करता म्हणाली, "पाह्यलं मी चित्र. ते माह्या सवतीचं नोय."

"तुले कसं माहीत?"

"बाई सवतीले ओळखनार नाई त कोनाले ओळखन?"

दुसऱ्या दिवशी दोघंही पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला निघाले. कारध्याच्या पुलावर धुकं होतं. खाली वैनगंगा होती की नव्हती कळत नव्हतं, आणि गाडी पांढऱ्या पोकळीतून तरंगत चालल्यासारखी वाटत होती. तुलाराम खिडकीला डोकं टेकून डुलकी घेत होता आणि घेतही नव्हता. धुपकन कोणी बुडी मारावी तसा अधूनमधून आत जात होता, आणि धुरपताच्या बांगड्या वाजल्या की वर येत होता. एकदा त्याला वाटलं, पुलाखालून कोणी चालतंय, गाडीच्या चालीनं, केस मोकळे सोडून. मग पूल संपला.

तेजरामानं बाईला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. धुरपतानं तिकडे लक्षच दिलं नाही. ती स्टुलावर टेकली, पदर सावरला, आणि बाजारात वांगी निवडावीत तसं तिनं सुरू केलं.

"पहिलं म्हंजे ती गोरी नोय. सफेदा लावला तरी आतून सावळी दिसते. बांधीत नितळ पानी असलं का खालची माती दिसते ना, तशी."

कांडी चालू लागली.

"डोये बारीक. पन पापनी हालत नाई. नथ नाई घालत ती, नथ यायनं आपल्या मनानं सांगतली. नाक उघडं अन् थोडं फेंगडं. ह्या इकडून." तिनं नवऱ्याचं नाक दाखवलं नाही, पण तुलारामाचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"हसते का?" तेजरामानं विचारलं.

"नाई. पन रागात बी नसते. आपुन कोनाची वाट पाहून पाहून थकलो, अन् तो दिसला का तोंड कसं होते? तसं." ती थांबली. "पदर खांद्यावर नसते. मुठीत धरते, ओला पदर पिळायच्या आधी धरतो तसा. अन् डाव्या पायावर उभी राह्यते. सारा भार डाव्यावर. उजवा पाय अजून पान्यात हाये असं वाटते."

तेजराम काढत होता, पुसत होता, पुन्हा काढत होता. आता तो तिरसटपणे काही विचारत नव्हता, फक्त "अजून?" एवढंच म्हणत होता. तुलारामाच्या तळव्यांना गार लागायला लागलं. दुकान लांब गेलं. रस्त्यावरचा ऑटोचा आवाज पाण्यावरून आल्यासारखा आला. आणि त्या गारव्यात त्याला बायकोचा आवाज ऐकू येत राहिला. दंडारीच्या मंडपात बायकांच्या बाजूला, बैलबंडीच्या चाकाला टेकून, ही दरवर्षी इतकं पाहत बसली होती!

"लुगडं हिरवंच," धुरपता म्हणाली. "माहंच हाये. मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी तेच नेसून पाह्यलं होतं एकदा, डाव्या पायावर उभी राहून. घरात कोनी नव्हतं तवा." ती जराशी हसली. "माह्या अंगावर ते नुसतं लुगडंच दिसते."

तुलारामाला आत काहीतरी लागलं. इतक्या वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं, कशी झाली गं जळवंती म्हणून.  त्यानं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, तेजरामासमोर. तिनं तो झटकला नाही.

संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तेजरामानं मांजरपाट त्यांच्याकडे वळवला. अजून नुसता कोळसाच होता, रंग भरायचे होते. पण तुलाराम उठून उभा राहिला. सावळी, फेंगड्या नाकाची, पदर मुठीत धरलेली बाई त्याच्याकडे पापणी न हलवता पाहत होती. त्याच्यासारखी दिसत होती आणि नव्हतीही. आपण आयुष्यभर जिच्या आत राहिलो ते घर आज बाहेरून पाहिलं, असं त्याला वाटलं. त्याला ती आवडली. थोडी भीतीही वाटली.

"हे पाह्य, ही माही सवत," धुरपता म्हणाली.

मंडईच्या दिवशी दुपारी नागपूरची बाई गाडीतून उतरली. तिचं नाव निर्मलाबाई. तुलारामानं मनात जी नखरेल बाई उभी केली होती तिचा पत्ता नव्हता. ही वाळलेली, प्रवासानं आंबलेली, घसा खाकरणारी बाई होती. शाळेच्या व्हरांड्यात रंग भरून आलेलं नवं चित्र टेकवून ठेवलं होतं. तिनं पाणी मागून घेतलं आणि चित्रापुढे मांडी घालून बसली. चित्रातलं नाक, मूठ, डावा पाय एकेक पाहत गेली. आनंदराव चुळबूळ करायला लागला.

मग तिनं विचारलं, "दादा, वाक्य कारभाऱ्यांनी सांगितलं मला. पण बोलते कशी ही? एकदा म्हणून दाखवाल का?"

तुलाराम पुढे झाला. छाती भरून घेतली. तोंड उघडलं. "माह्या पान्याले..." आणि थांबला. आवाज त्याचाच होता. बैलांना हाकणारा, दोन दातांच्या फटीतून हवा जाणारा. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. तळपायांना गार लागतंय का पाहिलं. नाही लागलं. फरशी उन्हानं कोमट होती. ती गेली होती. भंडाऱ्याच्या दुकानात चित्रात उतरली तेव्हाच गेली असावी, आणि त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

त्याचा चेहरा पाहून निर्मलाबाईनं पुढे काही विचारलं नाही. "असू द्या दादा. बसा," ती म्हणाली. तो खाली अंगणात, धुरपताशेजारी मातीत जाऊन बसला. डोळे भरून आले होते ते त्यानं पुसलेही नाहीत.

निर्मलाबाईनं उठून चपला बाजूला सारल्या. चित्राकडे एकदा पाहिलं. पदर खांद्यावरून काढून मुठीत धरला. हळूच सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि उजवा पाय अजून कशात तरी असल्यासारखा ठेवला. खाकरणं थांबलं.  मग तिनं अगदी खालच्या आवाजात, तुलारामाकडे बघत विचारलं, "माह्या पान्याले कोनं हात लावला?"

तळपायांना गार लागलं, तसे तुलारामानं पटकन दोन्ही पाय वर उचलून पोटाशी घेतले.

"काय झालं?" धुरपतानं विचारलं.

"सरक वो मागं," तो म्हणाला. "लुगडं ओलं होऊन राहिलं तुह्यं."