बेहडाफाट्यावरची काळी काच

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार बावीस सालच्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी चंद्रपूरकडे मार्चमध्येच डांबर मऊ पडलं होतं. मी एक जुनी पांढरी मोटार आहे. आज चिमूरला एका घरामागे, पत्र्याच्या छपराखाली उभी असते. माझ्या टपावर कोंबड्या बसतात. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की आम्ही सगळ्या एकसारख्या होतो आणि कोणालाच नाव नव्हतं. नाव मला चिमूरला मिळालं. श्रावणगुरुजींनी मला घेतलं, तेव्हा आळीतली माणसं म्हणाली, "गुरुजीची गाडी आली." गुरुजींनी मला आधी विहारात नेलं. सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं, पोरांनी माझ्या काचेवर नाकं चिकटवून आत पाहिलं. इतकं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

गुरुजींची लेक रिना नर्सिंग शिकायला चंद्रपूरला गेली, ती माझ्यातच बसून. तिची पत्र्याची पेटी मागच्या सीटवर होती. गुरुजी रस्ताभर बोलत होते, की आपल्या घराण्यातली पहिली शिकलेली बाई तू. दोन वर्षांनी तिने शिक्षण अर्ध्यावर टाकलं आणि घरी न सांगता धनराजशी लग्न केलं. धनराज भला माणूस होता, बेहडाफाट्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पण गुरुजींच्या मनाला लागलं ते शिक्षण सुटल्याचं. त्यांनी बायकोला, अंजनाबाईला, आणि मुलाला, कुलदीपला, समोर बसवून सांगितलं, की या घरात तिचं नाव काढायचं नाही. पुढच्याच वर्षी गुरुजी गेले. शब्द तसाच राहिला. गेलेल्या माणसाचा शब्द परत कोण घेणार?

अंजनाबाईचं माहेर बेहडाफाट्याच्या पलीकडे. दर पौर्णिमेला ती पांढरं लुगडं नेसून तिथल्या विहारात वंदनेला जायची. कुलदीप मला चालवायचा, ती शेजारी बसायची. फाट्यावर सायकल दुकानाला लागूनच रिनाचं शिलाई दुकान होतं. पौर्णिमेला सकाळी रिना हातात कापड धरून दारात उभी असायची, जणू दोराच तोडते आहे. अंजनाबाई मान वळवून काचेतून बघायची. हात कोणीच हलवत नसे. कुलदीप सरळ समोर बघायचा. पण तिथे त्याचा पाय दर वेळी पेडलवरून थोडा उचलला जायचा. ते मलाच ठाऊक. तेवढ्या एका बघण्यावर अंजनाबाईचा महिना निघत असे.

त्या मार्चमध्ये तिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. ऊन तिला सोसेना. कुलदीप मायाळू पोरगा. तो मला चंद्रपूरला हेमराजच्या दुकानात घेऊन गेला, आईही सोबत होती. हेमराज सीटची कव्हरं शिवायचा आणि काचांना फिल्म लावायचा. त्याने नमुन्यांचे तुकडे पत्त्यांसारखे पसरले. फिकट निळसर, धुरकट, हिरवट आणि शेवटी काळा कुळकुळीत. कुलदीपने काळ्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, ही लय गडद आहे," हेमराज म्हणाला. "पोलिसानं पाहलं त तिथंच काढाले लावन."

गावाकडच्या रस्त्याला कोण बघतं, असं कुलदीप म्हणाला. तरी त्याने आईला विचारलंच. हेमराजने तो तुकडा आतून काचेला लावला, अंजनाबाईला सीटवर बसवलं.

"मावशी, बाहेरचं दिसते काय?"

"सबन दिसते बापा. तो चहावाला दिसते, त्याची किटली दिसते. अन् डोळ्याले थंड वाटते. लाव."

कुलदीपनेही आत बसूनच पाहिलं. बाहेर उभं राहून आत कोण दिसतं, हे कोणाच्या मनात आलं नाही. मी सांगितलं असतं, पण मला कोण विचारतं! हेमराजने साबणाचं पाणी शिंपडलं, रबरी पट्टीने फिल्म दाबून बसवली, आणि मी बाहेरून आंधळी दिसू लागले. त्या दिवसापासून पोरं माझ्याजवळ यायची थांबली. रस्त्यावरची ओळखीची माणसं हात वर करीनाशी झाली. कोणा साहेबाची गाडी म्हणून बाजूला सरकायची.

पहिल्या पौर्णिमेला रिना दारात होती. तिने कपाळावर हात धरून माझ्या काचेकडे निरखून पाहिलं. आत अंजनाबाई नेहमीसारखी मान वळवून बसली होती, डोळे भरून बघत होती. बुद्धपौर्णिमेला रिना पायरी उतरून रस्त्याच्या कडेला आली. मी तिच्या इतक्या जवळून गेले, की तिचा चेहरा माझ्या काचेत आला आणि मागे पडला. जूनच्या पौर्णिमेला दारात कोणी नव्हतं. रिनाने मशीन फिरवून ठेवलं होतं. रस्त्याकडे पाठ करून ती शिवत होती.

विहारापाशी कुलदीप कोणाशी बोलायला उतरला, तेव्हा अंजनाबाई एकटीच माझ्यात बसून म्हणाली, "पोरीचं मन उठलं माह्यावरून."

वंदना झाली. परत येताना तिच्या लक्षात आलं, की चष्मा सीटवरच राहिला असावा. माझ्या दाराला कुलूप होतं. ती वाकली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून माझ्या काचेत बघू लागली. चष्मा दिसेना. सीटसुद्धा दिसेना. दिसलं ते तिचंच तोंड आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग काचेवरून हात फिरवला.

परतीच्या वाटेवर फाटा आला, तशी ती पुढे सरकून बसली. मग म्हणाली, "कुलदीप, गाडी थांबव."

"आई, बाबांनी सांगतलं होतं…"

"तुह्या बाबाचा शब्द मी मोडून राह्यली. तू नोको मोडू. तू गाडीतच बस."

तो थांबला. ती काठी टेकत उतरली. उन्हात रस्ता ओलांडून दुकानासमोर उभी राहिली, पण मशीनच्या आवाजात रिनाला काही कळेना, आणि अंजनाबाईच्या तोंडून नाव काही निघेना. तेवढ्यात कुलदीपने हॉर्न दाबला. नाव काढायचं नाही, असं ठरलं होतं. हॉर्नबद्दल गुरुजी काही बोलले नव्हते.

रिना वळली.

"काच काळी होती, माय," अंजनाबाई म्हणाली. "मी आतच होती."

रिना पायरीवरच बसली. "मले वाटलं, तू मेली. मले कोन सांगन?"

पुढे मी काही ऐकलं नाही. दोघी आत गेल्या. कुलदीप तासभर माझ्यात बसून नखाने फिल्म सोलत होता. फिल्म निघाली, काचेवर चिकटा राहिला.

अंजनाबाई त्यानंतर महिन्यातले निम्मे दिवस फाट्यावरच राहू लागली. बसने जायची, मला फारसं काम उरलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती रिनाच्या घरी झोपेतच गेली. धनराजचं दुकान मोठं झालं, आता तो मोटरसायकलीही दुरुस्त करतो. रिनाने नर्सिंग पुरं केलं नाही. पण तिची मुलगी मयुरी डॉक्टर होणार म्हणते, आणि तिला कोणी हसत नाही. हेमराज अजून नमुने पसरतो. कुलदीपची बदली कोरपन्याला झाली, तिथे त्याने नवी गाडी घेतली. तिच्या काचा साध्या आहेत म्हणतात. मी अजून तिला पाहिलेलं नाही.

मित्रांनो, गाडीला सावली जरूर करा, ऊन आपल्याकडे खरंच फार आहे. फक्त काच निवडाल तेव्हा एकदा खाली उतरा, दार लावा, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा, आत बसलेलं आपलं माणूस दिसतं का. आणि कधी चिमूरला आलात, तर माझ्या काचेवरची धूळ पुसून आत डोकवा. आत कोणी नाही. तरी डोकवा.