उलटा शिवलेला नळ

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू येऊ दे. आज राजाची नाही की राणीची नाही, एका स्वयंपाकघरातल्या नळाची गोष्ट ऐका. ऐकता ऐकता डोळे भरून आलेच, तर ज्याची त्याची बाही आहेच.

एक होता शिंपी. खाली दुकान, वर घर, आणि घरात तो नि त्याची बायको. नव्या घरात आले तेव्हा सिंकचा नळ त्यानं मोठ्या हौसेनं स्वतः बसवला. ओट्याखाली पाठीवर पडून गरम-गार दोन्ही पाइप जोडले, अंग झटकत बाहेर आला, नि बायकोनं निळ्या ठिपक्याची चावी फिरवली तर कढत पाणी. लाल ठिपक्याची फिरवली तर गार.

शिंप्याचा हात तो. कापड उलट्या बाजूनं शिवायचं नि मग सुलटं करायचं, ही हाडात मुरलेली सवय. ओट्याखालीही हातानं तेच केलं. पण नळ काही सदऱ्यासारखा सुलटा करता येईना. बायको पोट धरधरून हसली. "अहो, नळ उलटा शिवलात की," म्हणाली. मग तो दर रविवारी नीट करतो म्हणायचा, आणि तीच म्हणायची की राहू द्या, माझ्या हाताला सवय झालीय.

केस पिकले. मग बाईची आठवण टाका टाका उसवत गेली. आधी शेजारणींची नावं गेली, मग पोटच्या लेकीचा चेहरा गेला, मग सकाळ कुठली नि संध्याकाळ कुठली तेही. एकच टाका घट्ट होता. चहा झाला की दोघांचे कप घेऊन ती सिंकपाशी जायची, डाव्या हातानं लाल ठिपक्याची चावी फिरवायची, गार पाण्यात कप विसळायची आणि म्हणायची, "अहो, तुमचा उलटा नळ." त्या एका 'अहो'वर शिंप्याचा दिवस निघायचा. तेवढ्यापुरता तो तिचा नवरा असायचा.

आणि नेमका तोच नळ गळायला लागला. टपटप आवाज आला की बाईला वाटायचं, दारावर कुणी आलंय. ती उठून दार उघडायची. एकदा तर अनवाणी रस्त्यावर गेली, कोपऱ्यावरच्या फुलवालीनं हाताला धरून परत आणली. शिंप्यानं वॉशर बदलून पाहिलं, पण आतले आटेच झिजले होते. नळ बदलल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुकानदार म्हणाला, काका, हल्ली एकाच दांड्याचा नळ नेतात. शिंप्यानं दोन चाव्यांचाच घेतला. तिला ओळखीचा वाटायला हवा ना. घरी येऊन ओट्याखालचे पाण्याचे कॉक बंद केले, बादली लावली, गंजलेले नट पान्यानं सोडवले. नव्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळताना त्याच्या मनात आलं, जन्मभर हिनं चिडवलं, आता एकदा सुलटा बसवून दाखवू. गरम पाइप लाल ठिपक्याकडे, गार निळ्याकडे. दोनदा तपासलं. पाणी सोडलं. थेंब गळेना. कौतुकानं त्यानं तिला हाक मारली.

ती कप घेऊन आली. डावा हात, लाल ठिपका.

कढत पाण्यानं तिचा हात मागे आला, कप फुटला. ती सिंककडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. हळूच म्हणाली, "हे माझं घर नाही. मला घरी जायचंय."

शिंप्यानं तिचा हात गार पाण्यात धरला, काचा गोळा केल्या, नि दुखरे गुडघे मुडपून पुन्हा ओट्याखाली शिरला. कॉक बंद केले, दोन्ही पाइप सोडवले, उलटे जोडले. पहिल्यांदा चुकून जोडले होते, या वेळी जाणूनबुजून. पाठीवर पडल्यामुळे डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं.

बाहेर येऊन त्यानं उरलेला कप तिच्या हाती दिला. तिनं लाल चावी फिरवली. गार पाणी आलं. तिचा चेहरा सैल झाला. शिंपी जीव मुठीत धरून त्या 'अहो'ची वाट बघत उभा राहिला.

ती वळली. त्याच्या हातातल्या पान्याकडे बघून ओळखीच्या सुरात, पण परक्याशी बोलावं तशी म्हणाली, "आमच्या ह्यांनीसुद्धा अस्साच उलटा बसवला होता. त्यांना बोलू नका हं दादा. फार मनाला लावून घेतात."

शिंप्यानं पाना पुसला. म्हणाला, "नाही बोलत."

"दुकान बंद करून येतीलच आता," म्हणत तिनं कप विसळला, आणि नवऱ्याच्या चहासाठी ओट्यावर पालथा ठेवला.

तर मंडळी, घरी जाल, नळ उघडाल, हातावर गार पाणी पडेल. त्या बाईची काळजी करू नका, तिला देवानं हाताला धरलंय. तुम्ही आठवण ठेवा त्या शिंप्याची. त्याची आठवण काढणारं माणूस त्याच्यासमोर उभं आहे, आणि त्याचीच वाट बघतंय.