दोघांपुरता विस्तव

"पोत्यात अजून एक पोतं काऊन भरून राह्यले तुमी?"

"रोडग्याची राख झटकाले. लोकं टावेलात झटकतात अन् भोकं पाडून घेतात," मान वर न करता हे म्हणाले.

पैनगंगेवर रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, म्हटले की जानेफळात ते भाजायला निवृत्तीकाकांना बोलावणं ठरलेलं. निवृत्तीकाका म्हणजे आमचे हे. चाळीस वर्षं हेच. एरवी घरात चहाची कपबशी उचलतील तर शपथ! पण नदीवर निघायचं म्हटलं की रवाळ कणीक, ओवा, वांगी, तुपाचा डबा, सगळं स्वतःच्या हातानं बांधायचं. गोवऱ्या तर एकेक वाजवून घेतात. काय ऐकू येतं त्यात, देव जाणे. मी एकदा गुपचूप वाजवून पाहिली, मला काही कळलं नाही.

गेल्या वर्षी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि बोलावणी बंद झाली. आता पुतण्याच्या, रामच्या, नवसाचे रोडगे निघाले. आठ दिवस हे नवरदेवासारखे हरखले होते. मलाच धाकधूक होती.

जीप आली. आधी गोवऱ्यांची पोती चढली, मग पातेली, पाण्याच्या कॅन, मग माणसं. राम डोकं खाजवायला लागला.

"काका, जागाच नाही उरली. अकरा वाजता दुसरी खेप मारतो."

"हाव, जा तुमी. विस्तव नीट पडू द्या, घाई नोका करू."

अकरा वाजले, बारा वाजले. मग रामचा फोन आला. "काका, गोवऱ्या लय खास निंघाल्या! आता ऊन झालं, तुमाले काऊन तरास?"

मेल्यांनो! मला असा संताप आला म्हणता! हे ओसरीवर बसले होते, पायात चपला तशाच.

"उठा," मी म्हटलं. "घरी उरल्या तेवढ्या गोवऱ्या अंगणात लावा. मले भूक लागली."

नदीवर आमच्याकडची गडीमाणसंच जायची. आम्हा बायकांच्या वाट्याचे रोडगे घरी यायचे ते गारढोण होऊन. यांच्या हातचा गरम रोडगा मी जन्मात खाल्ला नव्हता.

गावभराचा ढीग रचणाऱ्या माणसाला दोघांपुरता विस्तव जमेना. चार वेळा पसरला, चार वेळा गोळा केला. शेवटी एक रोडगा फोडला, फुंकर घातली, तूप सोडलं आणि माझ्या हातावर ठेवला.

"कच्चा तं नाही ना?" यांनी विचारलं. आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

आतून कच्चाच होता. मी अजून एक मागितला.