तलवारीशेजारी रंधा

जगदेवराव फडताळासाठी आणलेल्या शिसमाच्या फळीवर जवसाचं तेल लावत होते. फडकं लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, हलक्या हातानं. आडवं घासायचं नाही, हे शरयूनं सकाळीच दवाखान्यातून फोनवर बजावलं होतं.

"आणि जास्तीचं तेल लगेच पुसा. मागच्या वेळी सगळं चिकट झालं."

"मागच्या वेळी लाकूडच ओलं होतं."

"ते ओलं लाकूड आणलं कुणी?"

हेच त्यांचं शेवटचं बोलणं. दुपारी मुलगा समरजीत दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, चला. आई... नहीं रही."

जगदेवरावांनी फळीवरचं तेल टोकापर्यंत पुसलं आणि मग ते उठले.

शाळेतून निवृत्त झाल्यावर शरयू टोपी बाजारातल्या एका मिस्त्रीकडे सुतारकाम शिकली होती. नवऱ्यालाही तिनंच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात ते यंत्रांची यादी करायला बसले, तेव्हा तिनं कागद काढून घेतला.

"एक करवत, एक रंधा, दोन पटाशा, एक गुण्या. एवढ्यानं चौकट काटकोनात आली की मग जा बाजारात."

घराण्यात मात्र तिच्या कामाचं हसू होई. थोरले दीर मानसिंगराव तिला 'आमच्या मिस्त्रीबाई' म्हणत.

खंडेनवमीला त्यांच्या लष्कर भागातल्या घरी घराण्याच्या तलवारीची पूजा असे. शरयूला जाऊन पाच महिने झाले होते. यंदा सण नव्हता, पण पूजा चुकवत नसत. जगदेवराव तिची अवजारं कापडात गुंडाळून घेऊन गेले आणि पाटावर तलवारीशेजारी मांडू लागले.

"अरे भई जगदेव, हे काय? तलवारीच्या रांगेत रंधा?"

"शरयूचा आहे, दादा."

"माहीत आहे रे. तुझ्या घरी कर ना पूजा. इथला मान तलवारीचा."

"पाच पिढ्यांत ही तलवार पूजेशिवाय कुणी बाहेर काढली? तिनं ही अवजारं रोज चालवली."

मानसिंगरावांच्या बायकोनं, मंदावहिनींनी, पुढे होऊन तलवार चार बोटं सरकवली. पटाशा, करवत, गुण्या, सगळं पाटावर मावलं.

"अहो, बघत काय बसलात? कुंकू लावा."

मानसिंगरावांनी एक पटाशी उचलली. तलवारीची पाहावी तशी अंगठ्यानं धार पाहिली आणि हात झटकन मागे घेतला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता. तलवारीनं त्यांना असं कधी कापलं नव्हतं.

"कुणी लावली ही धार?"

"तिनंच. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे पाच महिने तू हातच लावला नाहीस?"

"वापरली की धार जाईल, दादा."

मानसिंगरावांनी आधी पटाशीला कुंकू लावलं, नंतर तलवारीला.

"हा पाट डुगडुगतो," जगदेवराव निघाले तेव्हा मानसिंगराव म्हणाले. "पुढच्या पूजेला नवा करून दे. शरयूच्या हत्यारांनी."

'अवजारांनी' नव्हे, त्यांनी 'हत्यारांनी' म्हटलं. जगदेवरावांची मान ताठ झाली.

"करतो."

त्यांनी पाटाचं माप लिहून घेतलं. घरी वाळलेलं शिसम होतं, वर्षही हातात होतं. धार लावायला मात्र ते अजून शिकले नव्हते.